जन्मदाखल्याआधी नोंदवही : नागपुरातील विलंबित जन्मनोंदणीविषयी

जन्मदाखला म्हणजे निबंधकाच्या नोंदवहीतील एका नोंदीचा प्रमाणित उतारा होय. नोंद असेल तर दाखला मिळतो आणि नोंद नसेल तर कोणताही अधिकारी, तो कितीही वरिष्ठ असला तरी, केवळ आपल्या सहीने दाखला देऊ शकत नाही, कारण आधी नोंद करवून घ्यावी लागते. ही गोष्ट साधी असली तरी दाखल्यासाठी होणारी बरीचशी पायपीट तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच होते. पन्नाशी-साठीतल्या एखाद्या व्यक्तीला पासपोर्टसाठी किंवा परदेशातील मुलांकडे जाण्यासाठी दाखला हवा असतो, घरातल्या कागदांत तो सापडत नाही, आणि मग ‘नोंदच झालेली नसावी’ असे गृहीत धरून कचेरीबाहेर बसलेल्या अर्जनविसाकडून विलंबित नोंदणीचा अर्ज लिहवून घेतला जातो. वास्तविक दाखला हाती नसण्याचे तीन निरनिराळे अर्थ संभवतात : नोंद आहे पण तिच्यात बाळाचे नाव नाही, नोंद आहे पण ती अपेक्षेपेक्षा वेगळ्या ठिकाणच्या वहीत आहे, किंवा नोंद खरोखरच झालेली नाही. विलंबित नोंदणीची लांब वाट फक्त तिसऱ्या प्रकारासाठी आखलेली आहे. पहिल्या दोन प्रकारांतील माणसाने ती धरली तर वेळ आणि पैसा जातोच, शिवाय एकाच जन्माच्या दोन नोंदी तयार होऊन पुढे दोन्हींविषयी शंका घेतली जाते.

या सगळ्या व्यवहाराचा पाया जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा केंद्रीय कायदा असून त्याखाली महाराष्ट्राने केलेले नियम २००० सालचे आहेत. नियमांनुसार जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत स्थानिक निबंधकाला द्यावी लागते. ‘निबंधक’ म्हणजे नोंदवही ठेवणारा आणि दाखल्यावर सही करणारा अधिकारी. महानगरपालिकेत हे काम आरोग्य विभागाकडे, तर खेड्यात ग्रामसेवकाकडे असते, ज्याचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. माहिती देण्याची जबाबदारी कोणाची, हेही कायद्याच्या आठव्या कलमात स्पष्ट आहे : घरी बाळंतपण झाले तर कुटुंबप्रमुखाची, रुग्णालयात झाले तर रुग्णालयाच्या प्रमुखाची, आणि उघड्यावर टाकून दिलेले अर्भक सापडले तर गावात गावप्रमुखाची किंवा अन्यत्र स्थानिक पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची. याचा अर्थ असा की, दवाखान्यातील जन्माची नोंद करण्यासाठी आईवडिलांनी अर्ज करणे कायद्याला अभिप्रेतच नाही. त्यांनी फक्त दवाखान्याने भरलेल्या नमुना क्रमांक १ मधील, म्हणजे जन्माच्या माहितीच्या अर्जातील, आपली नावे आणि पत्ता यांचे स्पेलिंग सुटी होण्यापूर्वी तपासून घ्यावे. तेथे पाच मिनिटे दिली नाहीत तर त्याची भरपाई वीस वर्षांनी करावी लागते. नोंद झाल्यावर माहिती देणाऱ्याला पहिला दाखला विनामूल्य मिळतो, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर तो सात दिवसांत, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही, देणे निबंधकावर बंधनकारक आहे.

ही २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली आणि तिने जन्मदाखल्याचे वजनच बदलून टाकले. या तारखेला किंवा तिच्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन चालवण्याचा परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी आणि आधार या कामांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मदाखला हाच ग्राह्य धरला जाणार आहे. पासपोर्टच्या नियमांतही २०२५ च्या फेब्रुवारीत त्याला अनुसरून बदल झाला. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला वगैरे पर्याय खुले आहेत, हे पुष्कळांना माहीत नसल्यामुळे ज्यांना जन्मदाखल्याची गरज नाही अशी माणसेही विलंबित नोंदणीच्या रांगेत उभी दिसतात. कोणत्या कामासाठी कोणता पुरावा चालतो हे ज्या कार्यालयात काम आहे तेथेच आधी विचारून घेणे, ही या विषयातील सर्वांत स्वस्त खबरदारी आहे.

नोंद कोणाच्या वहीत

जन्माची नोंद आईवडील राहतात तेथे होत नाही, तर जन्म जेथे झाला तेथे होते. नागपूरच्या बाबतीत या तत्त्वाला फार महत्त्व आहे, कारण हे शहर केवळ आपल्या रहिवाशांचे जन्म नोंदवत नाही. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि डागा स्त्री रुग्णालय येथे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, वर्धा या जिल्ह्यांतून, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या भागांतून बाळंतिणी येतात, आणि त्यांच्या बाळांची नोंद नागपूर महानगरपालिकेच्या वहीत पडते. गोंदिया जिल्ह्यातील गावी परतलेल्या कुटुंबाने पुढे आपल्या ग्रामपंचायतीत चौकशी केली तर ‘नोंद नाही’ हेच खरे उत्तर मिळते, कारण त्या वहीत ती असणारच नाही. याच्या उलट, आयुष्यभर नागपुरात राहिलेल्या माणसाची नोंद नागपुरात असेलच असेही नाही.

त्याचे कारण मराठी घरातील माहेरच्या बाळंतपणाच्या रिवाजात आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्यामुळे घरातील थोरल्या मुलाची किंवा मुलीची नोंद आईच्या माहेरच्या गावी आणि धाकट्या भावंडांची नोंद नागपुरात, असे चित्र वारंवार आढळते. म्हणून शोध सुरू करण्यापूर्वी कुटुंबातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः मावशी, मामी, आत्या यांना, बाळंतपण नेमके कोठे झाले हे विचारणे हा उपचार नसून शोधाचा पहिला टप्पा आहे. माहेरच्या नोंदीत आणखी एक अडचण असते : बाळंतिणीला दाखल करताना घरच्यांनी तिचे माहेरचे नाव सांगितलेले असते, काही समाजांत लग्नानंतर मुलीचे पहिले नावही बदलते, आणि त्यामुळे आईच्या सासरच्या नावावर शोधली जाणारी नोंद वहीत असूनही डोळ्यांआड राहते. शोधाच्या अर्जात आईची दोन्ही नावे, वडिलांचे नाव आणि आईच्या वडिलांचे नावही लिहिल्यास हा अडथळा बराचसा दूर होतो.

शहराच्या हद्दीचाही विचार करावा लागतो. नागपूर महानगरपालिकेचे दहा झोन आहेत : लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. दाखला मागताना स्वतःच्या घराचा झोन नव्हे, तर जन्म झालेला दवाखाना किंवा घर ज्या झोनमध्ये येते तो झोन पाहावा. वाडी किंवा कामठी येथील जन्म पत्त्यापुरता नागपूरचा असला तरी त्याची नोंद तेथील नगर परिषदेकडे असते, कामठी छावणीच्या हद्दीतील जन्मांची वही छावणी परिषदेची असते, आणि हुडकेश्वर-नरसाळा यांसारखी जी गावे पुढे महापालिकेत आली त्यांच्या विलीनीकरणापूर्वीच्या नोंदी मूळ ग्रामपंचायतीच्या दप्तरात झालेल्या असतात. ते दप्तर आज कोणाच्या ताब्यात आहे एवढे झोन कार्यालयात विचारून घ्यावे. नागपूर सुधार प्रन्यासाचा जन्मनोंदणीशी संबंध नाही. भूखंडाच्या कामासाठी तेथे जाण्याची सवय असलेली माणसे तेथेही विचारणा करतात, म्हणून एवढा उल्लेख. धावत्या गाडीत जन्म झाला तर ज्या ठिकाणी गाडी प्रथम थांबते तेथे नोंद करावी असा नियम असल्याने, दूरच्या प्रवासात जन्मलेल्या एखाद्या मुलाची नोंद नागपूर स्थानकामुळे येथे झालेली असू शकते, हे या रेल्वे जंक्शनच्या गावी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जुन्या नोंदींसाठी इतिहासाची थोडी ओळख उपयोगी पडते. नागपूर नगरपालिका १८६४ मध्ये आणि महानगरपालिका १९५१ मध्ये अस्तित्वात आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश आधी मध्य प्रांतात आणि नंतर जुन्या मध्य प्रदेशात होता. त्या काळातील खेड्यात गावाची राखण करणारा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी देत असे, आणि तिच्यावरून तयार झालेली वही आजही ‘कोतवाल बुक’ या नावाने ओळखली जाते. पश्चिम महाराष्ट्रात ज्या कामासाठी गाव नमुना क्रमांक १४ पाहिला जातो, त्या कामासाठी नागपूर, भंडारा, चंद्रपूर या भागांत कोतवाल बुकाची नक्कल काढली जाते, आणि ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मिळते. जातपडताळणीच्या प्रकरणांमुळे या वह्या अलीकडे पुष्कळांना माहीत झाल्या आहेत; मात्र जन्मतारखेसाठी त्या वापरताना हे लक्षात घ्यावे की, त्यांत बहुधा वडिलांचे नाव, जात आणि ‘मुलगा झाला’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढेच असते, बाळाचे नाव नसते. शहरातील वयोवृद्धांच्या बाबतीत दवाखान्यांचे दप्तरही उपयोगी पडू शकते. सीताबर्डीवरील मातृसेवा संघ ही कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये उभी केलेली संस्था असून तिच्या प्रसूतिगृहात शहरातील अनेक पिढ्या जन्मल्या आहेत. मूर मेमोरियल हे मिशनचे रुग्णालयही असेच जुने. तेथील प्रसूतीची नोंदवही म्हणजे जन्मदाखला नव्हे, पण तारीख निश्चित करणारा पुरावा म्हणून तिचे मोल मोठे आहे.

शोधाचा अर्ज करताना एकच तारीख देण्याऐवजी वर्षांची पट्टी द्यावी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिन्यातील तारीख लिहून टाकण्याची पद्धत जुन्या पिढीत सर्वत्र होती, आणि वय भरावे म्हणून वर्षही पुढेमागे केले जात असे. म्हणून शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी तारीख असलेल्या व्यक्तीने त्या तारखेवर विसंबून शोध घेतला तर नोंद सापडणे कठीण. निदान दोन वर्षे आधी आणि दोन वर्षे नंतर असा शोध मागावा. वर्षागणिक आकारले जाणारे शोधशुल्क अगदी नाममात्र असते, आणि या ठिकाणी केलेली काटकसर पुढे महागात पडते.

नोंद आहे, नाव नाही

शोधानंतर पुष्कळदा असे निष्पन्न होते की नोंद आहे, पण नावाचा रकाना कोरा आहे. बाळाचे नाव बारशाला ठेवले जाते आणि दवाखान्याची माहिती त्याआधीच पाठवली जाते, त्यामुळे हे स्वाभाविकही आहे. कायद्याने यासाठी स्वतंत्र सोय केली असून तिचा विलंबित नोंदणीशी काहीही संबंध नाही : नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत आईवडिलांनी किंवा पालकाने कळवल्यास नाव विनामूल्य घातले जाते आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. पंधरा वर्षे उलटून गेलेल्या जुन्या नोंदींसाठी राज्याने वेळोवेळी मुदतवाढ दिली असून अलीकडची मुदत २७ एप्रिल २०२६ पर्यंतची होती. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी कोणती मुदत लागू आहे हे झोन कार्यालयात पाहावे. नाव घालताना पाळण्यातले, लाडाचे आणि शाळेतले यांपैकी शाळेत जे लागले आहे किंवा लागणार आहे तेच द्यावे, कारण एकदा घातलेले नाव बदलणे ही दुरुस्ती मानली जात नाही आणि राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केला तरी नोंदवहीतील मूळ नाव आपोआप बदलत नाही.

दुरुस्तीसाठी कायद्याचे पंधरावे कलम आहे. लेखनिकाच्या हातून झालेली चूक निबंधक स्वतः तपासून दुरुस्त करतो. मजकुरातील चूक असेल, उदाहरणार्थ तारीखच वेगळी पडली असेल, तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन लागते. दोन्ही प्रकारांत मूळ नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून त्यावर सही व तारीख घातली जाते. दाखल्यावर दुरुस्तीचा उल्लेख दिसला म्हणून अस्वस्थ होण्याचे कारण नाही. खाडाखोड न दिसणारी जुनी नोंद नव्याने लिहून देतो असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून मात्र दूर राहावे.

आईने एकटीने वाढवलेल्या मुलांच्या बाबतीत वडिलांच्या नावावरून अडवणूक होत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५ चा निर्णय दाखवावा : एकल पालकाने किंवा अविवाहित मातेने दाखल्यासाठी अर्ज केल्यास तिचे प्रतिज्ञापत्र पुरेसे आहे आणि वडिलांचे नाव उघड करण्याची सक्ती करता येत नाही.

नोंद खरोखरच नसेल तर

वरील सर्व ठिकाणी शोध घेऊनही नोंद सापडली नाही, तर निबंधकाकडून नमुना क्रमांक १० मधील अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यावे. मागितलेल्या कालावधीच्या नोंदवहीत संबंधित जन्माची नोंद आढळत नाही, असे निबंधकाने लेखी देणे म्हणजे हे प्रमाणपत्र. वाटेवरचा अडथळा म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते, वास्तविक पुढच्या संपूर्ण प्रकरणाचा पाया तेच असते. कधी कधी तेवढ्यावरच काम भागते, कारण काही परदेशी दूतावास अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि त्याच्या जोडीला आईवडिलांचे किंवा जवळच्या नातेवाइकांचे प्रतिज्ञापत्र स्वीकारतात.

विलंबाच्या पायऱ्या कायद्याच्या तेराव्या कलमात दिल्या आहेत. २१ दिवसांनंतर पण ३० दिवसांच्या आत माहिती दिल्यास निबंधक विलंब शुल्क घेऊन स्वतःच नोंद करतो. ३० दिवसांनंतर पण एका वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. पूर्वी येथे नोटरीपुढे केलेले प्रतिज्ञापत्र द्यावे लागे, २०२३ च्या दुरुस्तीने त्याऐवजी स्वयंसाक्षांकित कागदपत्र पुरेसे ठरवले. एक वर्ष उलटले की मात्र प्रकरण निबंधकाच्या हातून जाते. २०२३ पर्यंत ते प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात जात असे. आता जन्म जेथे झाला त्या क्षेत्राचे जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्यापुढे जाते. तहसीलदार हे महसूल अधिकारी असण्याबरोबरच कार्यकारी दंडाधिकारीही असतात, म्हणून नागपूर जिल्ह्यातील चौदा तालुक्यांतील माणसाला बहुधा तहसील कार्यालयाची पायरी चढावी लागते. काटोलला जन्म झाला असेल तर नागपुरात राहणाऱ्याचा अर्जही काटोललाच होतो. २००० च्या नियमांतील विलंब शुल्क या तीन पायऱ्यांसाठी अनुक्रमे २, ५ आणि १० रुपये होते. शुल्काचे आकडे वेळोवेळी बदलत असले तरी सरकारी खर्च किरकोळच असतो, आणि काही हजार रुपये मागितले जात असतील तर ते कायद्यासाठी नव्हे हे उघड आहे.

न्यायालयाऐवजी कचेरीत काम आल्यामुळे ते सोपे होईल अशी अपेक्षा होती, आणि प्रारंभी ते सोपे झालेही, कदाचित गरजेपेक्षा अधिक. मालेगाव, अमरावती, अकोला या ठिकाणी अपुऱ्या पुराव्यावर आणि अपात्र व्यक्तींना मोठ्या संख्येने विलंबित दाखले दिले गेल्याचे आरोप झाल्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले, तहसील स्तरावरील हे काम थांबवले, आणि १२ मार्च २०२५ च्या महसूल विभागाच्या शासन निर्णयाने नवी कार्यपद्धती घालून दिली. नायब तहसीलदारांच्या सहीने निघालेले आदेश प्राधिकाराच्या अभावी रद्द करण्याची पाळी आली, आणि केवळ आधार कार्डाच्या आधारे दिलेल्या दाखल्यांची छाननी करण्याचे आदेशही त्याच वर्षात निघाले. आरोपांची शहानिशा तपासयंत्रणांकडे सोपवली तरी त्यांचा परिणाम सामान्य अर्जदारावर झाला हे नाकारता येत नाही : ज्याचे बाळंतपण खरोखरच घरी सुईणीच्या हातून झाले, ज्याच्या आईवडिलांनी विटभट्ट्यांवर किंवा वेचणीच्या हंगामात गावोगाव फिरत दिवस काढले, त्याच्याकडेच कागद सर्वांत कमी असतात आणि त्याच्याकडेच आता सर्वांत जास्त मागितले जातात. व्यवस्थेने कडक व्हावे यात गैर नाही; कडकपणाचा भार अर्जदाराच्या गरिबीवर पडू नये म्हणून गावपातळीवरील दप्तरे शोधून देण्याचे काम कचेरीनेच करायला हवे, पण तसे होईपर्यंत ते अर्जदारालाच करावे लागते.

या कार्यपद्धतीनुसार अर्जासोबत अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि पुराव्याची कागदपत्रे जोडावी लागतात, कचेरीकडून जाहीर सूचना काढून हरकती मागवल्या जातात, पोलिसांचा अभिप्राय घेतला जातो, आणि पेशी म्हणजे सुनावणी होऊन कारणांसह आदेश दिला जातो. खोटी माहिती आढळल्यास फौजदारी गुन्हा नोंदवण्याची तरतूद आहे. म्हणून ‘अंदाजे’ तारीख ठामपणे लिहून देण्याचा मोह टाळावा. जे माहीत आहे ते आणि ज्या आधारावर माहीत आहे तो आधार, असे दोन्ही अर्जात लिहावे.

पुरावा निवडताना एकच कसोटी लावावी, ती म्हणजे कागद जन्माच्या किती जवळचा आहे. दवाखान्याचे सुटीचे कार्ड, लसीकरणाचे कार्ड, माता व बाल संरक्षण कार्ड, अंगणवाडीची आणि आशा सेविकेची नोंदवही हे जन्माच्या वेळीच तयार झालेले कागद असतात, म्हणून त्यांचे वजन सर्वाधिक. त्यानंतर शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा येतो. विदर्भात या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वहीत विद्यार्थ्याचा प्रवेश आणि शाळा सोडणे यांची नोंद असते, आणि तिच्यातील पहिलीच्या प्रवेशाची नोंद नंतर मिळालेल्या टीसीपेक्षा, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यापेक्षा, अधिक विश्वसनीय मानली जाते. आधार कार्ड, पॅन, मतदार ओळखपत्र ही मात्र सांगितलेल्या तारखेवरून बनलेली असतात; आधार हा ओळखीचा पुरावा असून जन्मतारखेचा नव्हे, असे आधार प्राधिकरणानेच म्हटले आहे. अशी दहा कार्डे जोडली तरी ती एकाच विधानाच्या दहा प्रती ठरतात, तर १९८० च्या दशकातील लसीकरणाचे एक जीर्ण कार्ड त्या सर्वांवर मात करते.

कागदपत्रे एकत्र केल्यावर भावंडांच्या जन्मतारखा आणि आईवडिलांच्या लग्नाची तारीख यांच्याशी त्यांचा मेळ बसतो का, हे अर्जदाराने स्वतः तपासावे. शाळेत घातलेल्या तारखांमुळे दोन सख्ख्या भावंडांत पाच महिन्यांचे अंतर दिसते, अशी उदाहरणे दुर्मीळ नाहीत, आणि ती सुनावणीत पुढे आली तर खरी तारीखही संशयात सापडते. विसंगती असेल तर ती लपवण्यापेक्षा अर्जातच तिचा खुलासा करणे शहाणपणाचे असते. साक्षीदार म्हणून वयाने मोठे, जन्माच्या वेळी त्या घरात किंवा शेजारी असलेले नातेवाईक आणावेत. अर्जदारापेक्षा वयाने लहान असलेला नगरसेवक किंवा सरपंच कितीही प्रतिष्ठित असला तरी जन्माचा साक्षीदार होऊ शकत नाही.

आदेश हाती आला म्हणजे काम संपले असे समजू नये. आदेश हा दाखला नव्हे. तो घेऊन पुन्हा निबंधकाकडे जावे लागते, तेथे चालू वर्षाच्या वहीत नोंद होते आणि मग दाखला निघतो. त्यावर जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात व त्यांत कित्येक वर्षांचे अंतर दिसते. हे अंतर कायदेशीर असले तरी परदेशी दूतावास अशा दाखल्यासोबत दुय्यम पुरावे मागतात, म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत, अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि पुराव्याच्या मूळ कागदांची फाइल कायम जपून ठेवावी. सरकारी नोकरांनी आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी : सेवापुस्तकातील जन्मतारीख बदलण्याची मागणी नोकरीत रुजू झाल्यापासून पाच वर्षांनंतर विचारात घेतली जात नाही, आणि निवृत्तीच्या तोंडावर मिळवलेल्या विलंबित दाखल्याने त्या नियमात फरक पडत नाही.

परदेशात जन्मलेल्या भारतीय नागरिकांच्या मुलांची नोंद तेथील भारतीय वकिलातीत होते. ती झाली नसेल आणि आईवडील भारतात स्थायिक होण्यासाठी परतले असतील, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांच्या आत येथे नोंद करता येते. ही मुदत उलटल्यावर तेराव्या कलमातील विलंबाच्या पायऱ्या लागू होतात.

अर्ज नाकारला गेला, तर नकार लेखी आणि कारणांसह मागावा. निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा निबंधकाकडे आणि जिल्हा निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध मुख्य निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करण्याची सोय २०२३ च्या दुरुस्तीने पंचवीस-अ या कलमात केली असून अपिलाचा निकाल ९० दिवसांत देणे अपेक्षित आहे. नोंद असूनही दाखला देण्यात टाळाटाळ होत असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते, कारण जन्मदाखला ही त्या कायद्याखाली अधिसूचित सेवा आहे. त्यासाठी मूळ अर्जाची पोच तारखेसह हाती असणे आवश्यक असते, आणि ती खिडकीवर अर्ज देतानाच मागून घ्यावी लागते.